घराजवळच्या हॉस्पिसचा दर्जा कसा पारखावा?

प्रश्न : 'थोरला मुलगा'

नमस्कार.

माझ्या वडिलांचे वय ७८ आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला असून यापुढे केमोथेरपी दिल्यास गुण येण्यापेक्षा त्रासच वाढेल, असे त्यांच्या डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले आहे. वडील पूर्ण भानावर आहेत, निर्णय त्यांनी स्वतः घेतला आहे आणि "उपचार थांबवा, पण मला दुखू देऊ नका" एवढीच त्यांची अट आहे.

घरापासून जवळ हॉस्पिसची, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करून त्याला अखेरपर्यंत सांभाळण्याची, सेवा देणाऱ्या दोन संस्था आहेत. एका संस्थेचे पथक घरी येते. दुसरीची स्वतःची वास्तू आहे आणि तेथे रुग्णाला दाखल करून घेतात. दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. पहिलीचे कार्यालय लहानसे, टेबलांवर फायलींचे ढीग. दुसरीची इमारत प्रशस्त, खिडक्यांतून बाग दिसते, कर्मचारी हळू आवाजात बोलतात. माहितीपत्रके मात्र एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखी आहेत : आपुलकी, सन्मान, समग्र सेवा. हे शब्द खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही, पण त्यांवरून निवड करता येत नाही.

शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर निवडताना किती रुग्ण बरे झाले हे तरी विचारता येते. येथे रुग्ण जाणार हे सगळ्यांनी मान्य केलेलेच असते. मग काम चांगले झाले की वाईट, हे बाहेरच्या माणसाने कशावरून ठरवायचे? संस्थेला नेमके काय विचारावे, आणि मिळालेल्या उत्तरांतले खरे कोणते व पढवलेले कोणते, हे कसे ओळखावे? माझ्या धाकट्या भावाच्या मनात आणखी एक शंका आहे. हॉस्पिसमध्ये मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक देऊन माणसाचा शेवट लवकर घडवून आणतात, असे त्याने कुठेतरी ऐकले आहे. त्याचेही समाधान व्हावे अशी इच्छा आहे.


प्रतिसाद : 'रात्रपाळी'

मी अनेक वर्षे हॉस्पिसमध्ये परिचारिका म्हणून काम केले आहे आणि त्यातली बरीचशी नोकरी रात्रीची होती, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवते.

बागेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. रुग्णाचे दुखणे, धाप आणि घालमेल बहुधा अवेळी बळावते आणि घरच्यांचा धीरही त्याच वेळी सुटतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असा असेल : रात्री अडीच वाजता फोन केला तर तो कोण उचलते? काही संस्थांत परिचारिका स्वतः उचलते; काही ठिकाणी निरोप घेणारी व्यक्ती असते आणि ती पुढे कळवते. दुसरी पद्धत वाईटच असते असे नाही, पण मग परिचारिकेचा उलटा फोन किती वेळात येतो, तेव्हा तिच्यासमोर तुमच्या वडिलांची नोंद उघडलेली असते का आणि गरज पडल्यास रात्री घरी येण्यासाठी कोणी उपलब्ध आहे का, हे तिन्ही विचारून घ्या. "आम्ही चोवीस तास उपलब्ध आहोत" हे वाक्य कोणत्याही संस्थेच्या तोंडी असते. "काल रात्री पाळीला एक परिचारिका होती, तिच्याकडे इतके रुग्ण होते आणि तिने दोन घरी भेट दिली" असे उत्तर मिळाले, तर समोरच्याला आपले काम ठाऊक आहे असे समजा. दाखल होण्यापूर्वी एकदा रात्री फोन करून पाहिलात तरी कोणाला राग येण्याचे कारण नाही. चांगल्या संस्थेला तर येणारच नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. सतत दुखणाऱ्या रुग्णाला दुखेल तेव्हा गोळी द्यायची नसते, घड्याळ पाहून ठरल्या वेळी द्यायची असते. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते दर चार तासांनी देतात किंवा सावकाश विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा देतात. याशिवाय मध्येच कळ उठली तर घेण्यासाठी एक जादा मात्रा लिहून दिलेली असावी लागते. ती दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश ठेवतात. ही जादा मात्रा कागदावर लिहिलेली आहे का, ती घरात आहे का आणि कशी द्यायची हे तुम्हांला हाताला धरून शिकवले आहे का, हे पाहा. मी आणखी एक गोष्ट हमखास तपासते : मॉर्फिनबरोबर पहिल्याच दिवसापासून शौचाला साफ होण्याचे औषध दिले आहे की नाही. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र मॉर्फिन चालू असेपर्यंत हटत नाही. ज्या संस्थेत हे औषध आठवड्याने, रुग्णाचे पोट दगडासारखे झाल्यावर आठवते, तेथे इतर बाबतींतही मागून धावण्याची सवय असते.

घरी सेवा घेणार असाल तर अडीअडचणीच्या औषधांचा लहान डबा आधीच घरात ठेवतात का, हेही विचारा. धाप, उलटी, घालमेल आणि शेवटी घशात साचणाऱ्या स्रावाची घरघर, यांवरची औषधे त्यात असतात. औषध शोधण्यात रात्र गेली तर फोन कितीही तत्परतेने उचलला, तरी त्याचा उपयोग नाही.

दाखल करून घेणाऱ्या संस्थेत जाल तेव्हा दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी पाळी बदलताना जा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलतात, ते विचारण्यापेक्षा पलंगाजवळच्या नोंदीत पाहायला मिळाले तर पाहा. साधारण दोन तासांचा नियम असतो, आणि वेदना असेल तर तो समजून-उमजून सैल करतात. सगळ्या चौकटींत एकाच शाईने, एकाच हाताने ओळीने खुणा केलेल्या दिसल्या तर त्या पाळीच्या शेवटी एकदम भरल्या आहेत, असे खुशाल समजा.


प्रतिसाद : 'उपशामक वैद्यक'

रात्रपाळी यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे. मात्र रात्रीच्या फोनला त्या देतात तेवढे वजन मी देणार नाही. फोन दुसऱ्या घंटेला उचलला जातो, परिचारिका आस्थेने ऐकून घेते आणि शेवटी "रुग्णालयात न्या" असे सांगते, असेही घडते. खरा प्रश्न असा की, फोन उचलणाऱ्याला औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार आहे का, आणि नसेल तर ज्याला आहे तो डॉक्टर त्या क्षणी फोनवर सापडतो का. लक्षण पुन्हा आटोक्यात यायला किती तास लागतात, यावर मी संस्थेची परीक्षा करीन.

यासाठी एक सोपे साधन आहे. वेदना, थकवा, मळमळ, धाप, भूक, झोप येणे, चिंता, उदासी अशा लक्षणांची तीव्रता रुग्णालाच शून्य ते दहा या आकड्यांत विचारण्याची पद्धत कॅनडातील एडमंटन येथे १९९१ मध्ये तयार झाली आणि ती आज जगभर वापरली जाते. तुमची संस्था ही किंवा अशीच दुसरी कोणती मापनपद्धत वापरते का, ते विचारा. वापरत असेल तर पुढचा प्रश्न : "वेदना सात असल्याची नोंद झाली, तर पुढची नोंद केव्हा होते?" तोंडाने दिलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम अर्ध्या तासाच्या आसपास जाणवू लागतो आणि तासाभरात पुरता दिसतो. म्हणजे तासाभराने कोणीतरी पुन्हा विचारायला हवे. "पुढच्या भेटीत पाहतो" असे उत्तर आले तर ते आकडे केवळ फायलीसाठी लिहिले जात आहेत.

पथकात कोण कोण आहेत हेही पाहावे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग सामाजिक कार्यकर्त्या आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. शरीराचे दुखणे, मनाची तगमग, घरच्यांची काळजी आणि "माझ्याच वाट्याला हे का" हा प्रश्न या सगळ्यांची मिळून एकच वेदना होते, हा विचार त्यांनीच रुजवला. त्यामुळे डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर सामाजिक कार्यकर्ता, समुपदेशक आणि प्रशिक्षित स्वयंसेवक असणे ही चैन मानू नये. पण पाटीवरची नावे मोजून भागत नाही. हे सगळे एकत्र बसून प्रत्येक रुग्णाविषयी बोलतात का आणि किती दिवसांनी बोलतात, ते विचारा. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमांनुसार हॉस्पिसने ४८ तासांत पहिली तपासणी आणि पाच दिवसांत सर्वांगीण मूल्यांकन करावे लागते, उपचारांच्या आराखड्याचा किमान दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो आणि मृत्यूनंतर वर्षभरापर्यंत कुटुंबाला आधार द्यावा लागतो. आपल्या भागात असे नियम लागू नसले तरी तुलनेसाठी हे माप हाताशी असावे.

अनुभवी संस्थेलाही अडचणीत टाकणारा एक प्रश्न सुचवतो, आणि तो आकसाने विचारायचा नाही. "अलीकडे कोणत्या रुग्णाचा त्रास तुम्हांला आटोक्यात आणता आला नाही, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललेत?" नावे अर्थातच सांगू नयेत. "असे कधी झालेच नाही" हे उत्तर मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण काही वेदना, विशेषतः नसांवर दाब आल्याने होणारी वेदना, उत्तम हातांनाही लवकर दाद देत नाही. ज्याने काम केले आहे त्याला असा रुग्ण आठवतोच.

आता आपल्या भावाच्या शंकेविषयी. योग्य रीतीने, थोड्या मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या बेताने वाढवलेल्या मॉर्फिनमुळे आयुष्य कमी होते, याला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधे वाढवण्याची पद्धत १९८६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून मॉर्फिन हे त्यातले मुख्य औषध आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अमेरिकेतील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला; नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारे, उपचार मिळालेला गट अधिक काळ, मध्यक (मीडियन) धरता ११.६ महिने, जगला आणि दुसरा ८.९ महिने. त्या रुग्णांना उपशामक उपचारांबरोबर कर्करोगावरचे उपचारही मिळत होते, त्यामुळे हे आकडे आपल्या वडिलांना जसेच्या तसे लागू करू नयेत. परंतु त्रास कमी करणे म्हणजे आयुष्य तोडणे, हा समज त्यांनी चांगलाच सैल केला आहे. भावाची भीती हसण्यावारी मात्र नेऊ नका. मूत्रपिंडे नीट काम करीत नसतील तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साचतात, हातापायांना झटके येतात, भ्रम होतो. त्यामुळे "मूत्रपिंडांची तपासणी पाहून औषध ठरवता का, आणि गरज पडल्यास कोणते औषध बदलून देता?" असा प्रश्न भावालाच विचारू द्या. संस्था त्याच्याशी कशी बोलते, यावरूनही पुष्कळ कळेल.


प्रतिसाद : 'सुनेच्या नजरेतून'

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता आणि शेवटच्या काळात त्या बोलत नव्हत्या. त्यामुळे शून्य ते दहाचा आकडा सांगणारे आमच्याकडे कोणी नव्हते. आपले वडील आज बोलतात, पण शेवटच्या दिवसांत बहुतेकांचे बोलणे थांबते, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही दोन संस्थांची सेवा अनुभवली. पहिल्या संस्थेतील माणसे मनाने चांगली होती, पण "कशा आहात आजी?" असे मोठ्याने विचारून, उत्तर न आल्यावर "शांत आहेत" असे लिहून जात. ते त्यांच्या लक्षात आणून दिले तरी पद्धत बदलली नाही. दुसऱ्या संस्थेतील परिचारिका पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने आधी काहीच विचारले नाही. सासूबाईंना कुशीवर वळवताना ती त्यांच्या कपाळाकडे पाहत होती. भुवया आवळल्या, उजव्या हाताची मूठ मिटली, श्वास क्षणभर अडला. तिने त्यांना तसेच सावकाश परत उताणे केले, खुब्यावर हात ठेवला आणि "दुखते आहे ते इथे" असे म्हणून डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना मोजतात, हे तिनेच आम्हांला शिकवले आणि नंतर आम्हीच तिला गुण कळवू लागलो.

तोंडाची निगा हीदेखील माझ्या मते मोठी खूण आहे. पाणी गिळता येत नाही अशा रुग्णाचे तोंड कोरडे पडते, ओठ फुटतात, जिभेवर पांढरा थर येतो. भेट द्याल तेव्हा तेथील रुग्णांचे ओठ पाहा. ओलसर, मलम लावलेले ओठ दिसले की दिवसातून अनेकदा कोणीतरी त्या पलंगाशी थांबले आहे हे कळते. त्यासाठी कोणालाही प्रश्न विचारावा लागत नाही.

आणि संस्था बदलता येते, हे कृपया लक्षात ठेवा. "अशा अवस्थेत आता कुठे हलवायचे" असे म्हणून आमच्याच घरातील मंडळी अडून बसली होती. घरी येणारे पथक बदलण्यासाठी रुग्णाला हलवावेच लागत नाही, फक्त औषधांची यादी आणि नोंदी नव्या पथकाच्या हाती वेळेत पोहोचल्या पाहिजेत.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : 'थोरला मुलगा'

सिस्टर, डॉक्टरसाहेब आणि ताई, आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

आपण सुचवलेले प्रश्न घेऊन आम्ही दोघे भाऊ पुन्हा दोन्ही संस्थांकडे गेलो. बाग असलेल्या संस्थेत व्यवस्थापकांनी उत्तम बोलून आमचे स्वागत केले, परंतु न साधलेल्या रुग्णाविषयी विचारताच "आमच्याकडे सर्व रुग्ण समाधानी असतात" असे उत्तर मिळाले. परिचारिकांशी बोलायचे आहे म्हटल्यावर त्या कामात आहेत, असे सांगण्यात आले. मी वॉर्डात डोकावलो तेव्हा ओठांकडे पाहिले, आणि ते मात्र सगळ्यांचे ओलसर होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. फायलींचे ढीग असलेल्या संस्थेत परिचारिकेने एक रुग्ण लगेच सांगितला : पाठीच्या कण्याजवळ गाठ असल्याने पायात वीज चमकल्यासारखी वेदना, पहिले काही दिवस काहीच लागू पडेना, आणि त्यानंतर अशा रुग्णांसाठी वेदनातज्ज्ञांचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यायचा असे त्यांनी ठरवले. भावाच्या मूत्रपिंडांच्या प्रश्नावर तिने वडिलांचा ताजा अहवाल मागून घेतला. रात्री फोन केला तेव्हा निरोप घेणाऱ्या व्यक्तीने उचलला आणि परिचारिकेचा उलटा फोन वीस मिनिटांत आला.

आमचा कल घरच्या सेवेकडे आहे. प्रश्न एकच उरतो : घरी सांभाळणे हाताबाहेर गेले तर काय? आई थकली आहे, आणि आम्ही दोघे नोकरी करणारे.


प्रतिसाद : 'उपशामक वैद्यक'

परिचारिकेने दिलेले उत्तर समाधानकारक आहे. दुसऱ्या संस्थेला मी एवढ्यावरून बाद करणार नाही. व्यवस्थापक आणि वॉर्ड यांत अंतर असू शकते आणि ओठ ओलसर ठेवणारी माणसे तेथे आहेत, हे आपणच पाहिले आहे. आपल्या परिस्थितीत दोन्हींचा उपयोग होईल. घरी येणाऱ्या पथकाला विचारा की, काळजी घेणाऱ्या माणसाला विसावा मिळावा म्हणून रुग्णाला चार-पाच दिवस दाखल करण्याची त्यांची कोणाशी व्यवस्था आहे का, आणि लक्षणे घरी आवरेनाशी झाल्यास ते रुग्णाला कोठे पाठवतात. तेथे खाट राखीव असते की मिळाली तर मिळाली, आणि तेथील डॉक्टर पथकाने ठरवलेली औषधे पुढे चालू ठेवतात की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे दोन मुद्दे लेखी घ्या.


प्रतिसाद : 'रात्रपाळी'

वीस मिनिटे चालतील, पण ती कोणत्या कारणासाठी केलेल्या फोनची होती हेही पाहा. चौकशीचा फोन असेल तर वीस मिनिटे उत्तमच. "वडिलांना श्वास घेता येत नाही" असे सांगितल्यावरही निरोप घेणारी व्यक्ती तेवढाच वेळ घेणार का, की अशा वेळी फोन थेट जोडून देते, हे त्यांना विचारून घ्या. आईंना पथकाच्या पहिल्या भेटीच्या वेळी हजर ठेवा आणि औषधाची जादा मात्रा त्यांच्याच हातून एकदा परिचारिकेसमोर मोजून घेऊ द्या, कारण दिवसा आपण दोघे कामावर असताना ती वेळ त्यांच्यावरच येणार आहे.